दाभणाचे अकरा टाके

मी एक जुनी, हाताने लिहिलेली गोष्टीची वही आहे, आणि माझी दोन पानं एकमेकांना शिवलेली आहेत. शीड शिवायच्या मेणलावल्या दोऱ्याने, दाभणाने, अकरा टाके घालून. आज सकाळपासून एक परका माणूस त्या टाक्यांकडे बघत बसला आहे आणि त्याच्या हातात बारीक पात्याची सुरी आहे. म्हणून मित्रांनो, माझं सांगणं जरा घाईघाईचं होईल. मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लेबनॉनमधल्या त्रिपोलीचा. तिथल्या साबणवाल्यांच्या गल्लीत हाजी मुनीब नावाचे नकलनवीस बसत. सूर्यफुलाच्या बिया फोडत फोडत त्यांनी मला चार महिन्यांत लिहून काढलं. गोष्ट त्यांची नव्हती. ती त्यांच्याही आधीच्या कुणाकुणाच्या वह्यांतून उतरत आलेली होती. जाबिर नावाचा खलाशी आईचं न ऐकता गलबत घेऊन निघतो, वादळात सापडतो, सात वर्षं परक्या किनाऱ्यावर काढतो आणि मग घरी येतो, अशी ती गोष्ट. माझी पानं एकशे साठ. सुरुवातीपासून चाळिसाव्या पानावर वादळ. आणि शेवटापासून उलटं मोजलं तर चाळिसाव्या पानावर जाबिर घरी येतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

वादळ लिहिताना हाजींचं अक्षर बारीक झालं. लिहिणाऱ्यालाही ते लवकर संपायला हवं होतं, दुसरं काय. परतीचं पान आलं तेव्हा मात्र त्यांनी लाल शाई काढली आणि अशी ऐसपैस अक्षरं काढली की चार ओळींतच पान भरलं. मग बकरीच्या कातड्याची बांधणी झाली आणि मला अबू रागिबने विकत घेतलं.

अबू रागिब सीरियाच्या किनाऱ्यासमोरच्या अर्वाद बेटावरचा कथा वाचणारा. बेट एवढंसं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस त्याला आयुष्य चिंततो. उन्हाळ्यात सगळे पुरुष समुद्रावर. हिवाळ्यात वारा उठला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि दुपारच्या नमाजानंतर अबू सुब्हीच्या कॉफीच्या दुकानात जमायचं. तिथे उंच खुर्चीवर अबू रागिब, त्याच्या मांडीवर मी, आणि समोर हुक्क्याच्या धुरात चाळीस माणसं.

आता गंमत बघा. जाबिरचं गलबत बुडतं हे त्या चाळीसही जणांना पाठ होतं. दरवर्षी त्याच पानावर, त्याच ओळीला ते बुडायचं. तरी चाळिसावं पान जवळ आलं की माणसं बसल्या जागी चुळबुळ करू लागत. दरविश तांडेल तर उठून उभा राहायचा आणि जाबिरला शिव्या घालायचा. "अरे गाढवा, शीड उतरव! आधी शीड उतरव!" दुकानाचा मालक अबू सुब्ही नेमका तेव्हाच पेले धुवायला आत निघून जाई. स्वच्छ पेलेसुद्धा धुवायचा. एक म्हातारा होडीबांधणारा होता, तो दरवर्षी मान हलवून म्हणे, की गलबताच्या फासळ्या तुतीच्या लाकडाच्या असत्या तर ही वेळ आली नसती. कुणी ओठातल्या ओठात दुवा म्हणे. एकाने तर रागाने तीन दिवस दुकानात पाऊल टाकलं नाही, आणि चौथ्या दिवशी येऊन हळूच विचारलं, सुटला का.

मी मांडीवर पडून हे ऐकायची. कुणी ओरडलं म्हणून माझ्यावरची शाई हलत नाही. पण खरं सांगू, दरविश ओरडला की मलाही दर वर्षी वाटायचं, या खेपेला जाबिर ऐकेल.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक जाळीची खिडकी होती आणि खिडकीपलीकडे उम्म वजीहचं छप्पर. वजीहची आई म्हणून उम्म वजीह. तिचं माहेरचं नाव बेटावर कुणी घेतलेलं मला आठवत नाही. बेटावरची निम्मी शिडं तिने शिवलेली. उजव्या तळहाताला चामड्याची पट्टी, तोंडात मेणाचा दोरा, मांडीवर शिडाचं कापड. कापड फाटलेलं बघून शिडाचा मालक कसा खलाशी आहे ते ती सांगायची, आणि तोंडावर सांगायची. खिडकीतून ती गोष्ट ऐकत असे. वादळ आलं की दाभण थांबे. ते संपलं की पुन्हा चालू.

वर्षं गेली. अबू रागिबच्या डोळ्यांत दुधासारखं काही उतरायला लागलं. आधी त्याने मला डोळ्यांशी धरलं, मग लांब धरलं, मग नुसतंच धरलं. गोष्ट त्याला तोंडपाठ होती, मी आपली मांडीवर शोभेला. पण वाचणाऱ्याला दिसत नाही म्हटलं की त्याची खुर्ची गेलीच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून तो वेळेवर पान उलटायचा, ओळीवरून बोट फिरवायचा. आणि मित्रांनो, एका हिवाळ्यात त्याने मला उलटीच उचलली. पुढची बाजू मागे, वरची खाली. त्यानंतर दोन हिवाळे मी डोक्यावर उभी होते. कुणी काही बोललं नाही.

मग तो वाईट हिवाळा आला.

'अमीना' नावाचं गलबत साबण आणि कांदे घेऊन सायप्रसला गेलं होतं. वर सात माणसं. त्यांत उम्म वजीहचा वजीह होता आणि दरविशचा धाकटा भाऊही. पंधरा दिवसांत परत यायचं ते महिना उलटला तरी आलं नाही. वारा रात्रंदिवस दगडी तटावर आपटत होता. समोरच्या किनाऱ्यावरच्या तार्तूसला जाणारी लाँचसुद्धा बंद. तार नाही, पत्र नाही. बायका धुणं घेऊन गच्चीवर जात आणि वाळत न घालता समुद्राकडे बघून तसंच खाली आणत. दरविश सकाळ-संध्याकाळ धक्क्यावर उभा राहून लाटांना आईबहिणीवरून बोलत असे.

इकडे अबू रागिबची गोष्ट एकोणचाळिसाव्या पानावर आलेली. पुढचं पान वादळाचं.

त्याने काय केलं असेल? जाबिरच्या निरोपाची मेजवानी लांबवली. पहिल्या दिवशी बारा पदार्थ झाले. दुसऱ्या दिवशी भरलेलं कोकरू आलं. पाचव्या दिवशी पिस्ते घातलेली मिठाई, आठव्या दिवशी त्या मिठाईचा पाक कसा करायचा त्याची कृती. माझ्यात यातलं एक अक्षर नाही. सगळ्यांना ते कळत होतं. डाळ-बुरघूल, म्हणजे डाळ आणि गव्हाच्या कण्या, खाऊन आलेली ती माणसं गप बसून त्या मेजवानीचं ऐकायची आणि पुढे जा असं कुणी म्हणायचं नाही. गलबत बंदरातच बरं होतं.

नवव्या दिवशी वाऱ्यामुळे बेटावर अडकलेला तार्तूसचा एक कोळशाचा व्यापारी वैतागून म्हणाला, हे गलबत निघणार आहे की सगळे जेवूनच मरणार आहेत?

मग खिडकीपलीकडून कापड खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने दारात उम्म वजीह उभी राहिली. त्या दुकानात बाई कधी आली नव्हती. माणसांनी पाय आखडून घेतले. ती सरळ खुर्चीपाशी आली.

"अबू रागिब, वादळ कुठल्या पानावर आहे?"

"कशाला गं बाई?"

"दाखव."

तिला वाचता येत नव्हतं. त्याला दिसत नव्हतं. त्याने मला मांडीवर घेतलं, अरबी वही उजवीकडून सुरू होते म्हणून उजव्या अंगाने माझ्या जाडीवरून बोटं फिरवली, चौथाई अंदाज केला आणि पान काढून दिलं. उघडताना हाताला कधीच चूक झाली नव्हती त्याच्या. पण मी उलटी होते. सुरुवातीची समजून त्याने जी पानं मोजली, ती शेवटाकडची होती.

त्याने काढून दिलं ते परतीचं पान.

मी फडफडले. तेवढंच मला करता येतं, आणि दार उघडं होतं, तेव्हा सगळ्यांना तो वाराच वाटला. उम्म वजीहने पान समोरच्या पानावर दाबलं, कंबरेचं दाभण काढलं आणि शिवायला घेतलं. शिडाला घालतात तसे आडवे, घट्ट टाके. एक, दोन, तीन. चाळीस माणसं मोजत होती.

दरविश भिंतीपाशी उभा होता. त्याच्याने राहवलं नाही. "पान शिवून वारा थांबतो होय, उम्म वजीह?"

"नाही थांबत," ती मान वर न करता म्हणाली. "तू महिनाभर समुद्राची आई काढतोयस. मी तुला विचारलं का काय थांबलं म्हणून? तुला जे येतं ते तू करतोस. मला हे येतं."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. महिन्याभरात पहिल्यांदा. अकरावा टाका झाला, तिने दातांनी दोरा तोडला. "वाच आता. वादळ सोडून."

आणि अबू रागिबने जाबिरचं गलबत बंदरातून सोडलं. वादळाशिवाय. ते गलबत भरवाऱ्यावर चालत राहिलं. आज हे बंदर, उद्या ते बंदर. माणसं खूश होती आणि अस्वस्थही होती, कारण न बुडणारं गलबत पोचतही नाही कुठे. दहा-बारा दिवस ते नुसतं भटकत राहिलं. मी मांडीवर डोक्यावर उभी, आत वादळाचं पान उघडं, वाऱ्याला मोकळं, आणि घरी यायची वाट शिवून बंद. हे सगळ्या बेटावर फक्त मला माहीत होतं. तुम्हाला कधी काही सांगायचं असताना तोंडच नव्हतं, असं झालंय का?

शेवटी अबू रागिबची बंदरांची नावं संपली. त्याने मला वजीहच्या बायकोकडे पाठवलं. नदीरा तिचं नाव. तार्तूसच्या मुलींच्या शाळेत पाच यत्ता शिकलेली, सात महिन्यांची गरोदर. अजून एखादं बंदर वहीत सापडतं का बघ पोरी, एवढाच निरोप.

ती चुलीपाशी मसूर निवडत बसली होती. हात पुसून तिने मला उघडलं, आणि थबकली. प्रत्येक पानावर अबू रागिबच्या अंगठ्याचा कॉफीचा डाग होता. आधीचे डाग खालच्या कडेला आणि अलीकडचे, अजून तपकिरी, वरच्या कडेला. तिने मला हातात फिरवून बघितलं. पुन्हा फिरवलं. मग तिने पहिल्यापासून पानं मोजली. चाळिसावं आलं. बारीक अक्षर, उघडं पान: डोलकाठी कडाडली, असं लिहिलेलं. मग शिवलेली पानं. दोन टाक्यांच्या फटीत बोट घालून तिने ती जरा फाकवली. आत लाल शाई. मोठी अक्षरं. 'उंबरठा' एवढा एकच शब्द तिला दिसला, आणि तिने बोट भाजल्यासारखं मागे घेतलं.

सांगायचं कसं सासूला? की बाई, तू वादळ मोकळं ठेवलंस आणि तुझ्या मुलाचं येणं शिवून टाकलंस? त्या दुपारी तिने दाभण घेऊन बघितलं. वाटलं, गुपचूप टाके काढावे, वादळाच्या पानावर तसेच घालावे. चिंधीवर तीन टाके घातले. वेडेवाकडे आले. उम्म वजीहचा टाका बेटावरचं शेंबडं पोरही ओळखत होतं. ती स्वतः ओळखणार नाही? नदीराने चिंधी चुलीत टाकली आणि मला बुरघुलाच्या डेऱ्यात पुरलं.

तीन दिवस मी गव्हाच्या कण्यांत गळ्यापर्यंत बुडून होते. एक कणी अजून माझ्या बांधणीत अडकलेली आहे. चौथ्या दिवशी उम्म वजीहने रांधायला म्हणून डेऱ्यात वाटी घातली आणि माझं कातडं वर आलं.

"नदीरा, वहीला भूक लागली होती का?"

नदीरा हसली नाही. जमिनीकडे बघत तिने सगळं सांगितलं. अबू रागिबच्या डोळ्यांचं, उलट्या डागांचं, लाल शाईचं. मधे एकदाही थांबली नाही. सांगून झाल्यावर उम्म वजीह बराच वेळ तळहातावरची चामड्याची पट्टी सोडत आणि बांधत राहिली.

"म्हणजे ते वादळ उघडंच आहे," ती म्हणाली.

"हो मावशी." तिकडे सुना सासूला मावशीच म्हणतात.

"वाच मग."

"मावशी, नको."

"वाच गं. खिडकीतून अर्धंच ऐकू येतं. दरविश बोंबलत असतो."

नदीराने वाचलं. अडखळत, बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं. दोन वर्षांनी कुणाची तरी नजर माझ्या त्या ओळींवरून फिरत होती. डोलकाठी मोडली. सुकाणू गेलं. गलबत आडवं झालं, आणि पान संपलं.

"एवढंच?" उम्म वजीहने विचारलं.

"एवढंच आहे."

"मी महिनाभर याहून मोठं बघतेय," ती म्हणाली. मग मला मांडीवर घेऊन ती टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. नदीराने कात्री पुढे केली. तिने ती बाजूला सारली. "राहू दे. चांगले घट्ट आलेत. तो आला की त्याच्या हातानं उसवू दे. शिकलं पाहिजे त्यानंही."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात गेली. मला अबू रागिबच्या हातात देताना तिने मला सरळ केलं आणि हळूच म्हणाली, अशी धर, हात दुखणार नाहीत. पण त्या दुकानात हळू बोललेलंच जास्त ऐकू जातं. अबू रागिबने मला पुन्हा चाचपून बघितलं.

दरविश म्हणाला, "बरं झालं कुणीतरी सांगितलं. दोन वर्षं बघतोय आम्ही."

"मग बोलला का नाहीत?" अबू रागिबने विचारलं.

"गोष्ट सरळ येत होती की. वही उलटी असेना."

दुकान हसलं. उम्म वजीह आपल्या छपराखाली परत गेली. अबू सुब्हीने त्याच्यापुढे न मागता कॉफी ठेवली. अबू रागिबने दोन घोट घेतले, मला सरळ धरलं, आणि उम्म वजीहची परवानगी आहे ना असं खिडकीच्या दिशेने विचारून वादळ सांगितलं. पूर्ण. अबू सुब्ही पेले धुवायला आत गेला नाही. दरविश उठून उभा राहिला. तो तसाच खाली बसला. जाबिर लाटेखाली गेला, आणि तिथेच अबू रागिबने मला मिटलं. पुढचं नंतर, म्हणाला.

वसंतात लाँच सुरू झाली आणि तार्तूसहून पाच माणसं आली. सायप्रसच्या कोळ्यांनी त्यांना फळकुटांवरून उचललं होतं. दरविशचा भाऊ त्यांत होता. वजीह नव्हता आणि गलबताचा स्वयंपाकी नव्हता. दरविशच्या भावाने उम्म वजीहच्या छपराखाली बसून सांगितलं, की वारा फिरला तेव्हा शीड अडकलं होतं. कुणीतरी वर चढणं भाग होतं. वजीह चढला. शीड उतरलं म्हणूनच बाकीचे वाचले. मग डोलकाठीच गेली.

उम्म वजीहने एकच विचारलं, "फाटलं नव्हतं ना शीड? अडकलंच होतं?"

"फाटलं नव्हतं, मावशी."

"मीच शिवलेलं ते," ती म्हणाली.

त्यानंतर दरविश तांडेलाने जाबिरला शीड उतरवायला कधी सांगितलं नाही.

त्याच महिन्यात नदीराला मुलगी झाली, हना. टाके राहिले. ते आता उसवायचे का, असं विचारायला कुणी धजलं नाही. पुढच्या हिवाळ्यात अबू रागिब वाचत वाचत शिवलेल्या पानापर्यंत आला आणि थांबला. परत येण्याच्या चार ओळी त्याला पाठ होत्या, सगळ्यांनाच होत्या. पण त्या म्हणाव्या कशा? तेव्हा तो म्हाताऱ्या होडीबांधणाऱ्याला म्हणाला, तू सांग जाबिर कसा आला. म्हाताऱ्याने जाबिरला तुतीच्या लाकडाच्या होडीतून आणलं. मग ती रीतच पडली. दर हिवाळ्याला एकजण त्याला घरी आणायचा. अबू सुब्हीने त्याला थेट दुकानात आणून कॉफी पाजली. कोळशाचा व्यापारी मुद्दाम लाँचने आला आणि त्याने श्रीमंत करून आणला. दरविशने आणला तेव्हा जाबिर लंगडत होता, आणि दरविश सांगताना मधेच बाहेर गेला.

एका वर्षी खिडकीपलीकडून आवाज आला, की मी सांगते.

"दुपारी आला," उम्म वजीह म्हणाली. दाभण चालूच होतं, कापडातून दोरा ओढल्याचा आवाज येत होता. "मी शीड शिवत होते. दारात उजेड अडला म्हणून वर बघितलं. म्हटलं, जरा थांब रे, एवढा टाका होऊ दे." दोरा ओढल्याचा आवाज आला. "थांबलाय."



अबू रागिब गेला, दुकान गेलं, उम्म वजीह गेली. नदीराने मला वरच्या फळीवर ठेवलं. मधली कितीतरी वर्षं मला कुणी उघडलं नाही. कसर लागली, समुद्राची ओल चढली. आता मी हनाच्या घरी आहे. तिचेही केस पांढरे झालेत. हा सुरीवाला माणूस जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. तिनेच त्याला शहरातून बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणतो, हा दोरा खारट आहे, कागद खातोय. टाके कापले नाहीत तर दहा वर्षांत ही दोन पानं राहायची नाहीत. खरं बोलतोय तो. मला आतून कळतं.

सुरीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं तेव्हा हनाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"टाक्यांना हात न लावता होईल का?"

त्याने चष्मा काढला, पुसला. पानं कडेने सोडवून मागून पातळ कागद लावता येईल, म्हणाला. पण खूप वेळ लागेल. आणि आतलं काय आहे ते वाचता येणार नाही कधी.

"आत काय आहे ते माहीत आहे आम्हाला," हना म्हणाली. "बसा तुम्ही. मी कॉफी टाकते."

सुरी मेजावर गेली. ती तिथेच आहे, माझ्यापासून वीतभर. म्हणून अजून माझी चुळबुळ थांबत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी वरच्या फळीवर माझ्यासारखी कुणी असेल. तिला खाली काढा. कसर झटका, उन्हात फार ठेवू नका, फाटलं असेल तर हलक्या हाताने चिकटवा. पण तिच्यात कुठे चुकीच्या जागी टाका दिसला, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कुणी घातला. कात्री मग शोधा.